उपटेसाहेब

गेल्या महिन्यात पुण्याहून मला एक पत्र आलं. गुंजोटे साहेबांना साठ वर्षं पूर्ण होताहेत, त्यानिमित्त त्यांचे फाउंडेशनमधले जुने सहकारी एक स्मरणिका काढताहेत, आणि तिच्यात ‘ग्रामीण भागातील सहप्रवासी’ या नात्यानं माझेही चार शब्द हवे आहेत. आठवणी शक्यतो हृद्य असाव्यात, अशी खाली टीप होती. मी दोन दिवस कागद घेऊन बसले. हृद्य म्हणावी अशी एकही आठवण हाती लागली नाही. जे लागलं ते हे. स्मरणिकेत ते छापतील असं मला वाटत नाही, आणि छापावं अशी माझी इच्छाही नाही.

आधीच सांगून टाकते. हा माणूस मला आवडत नव्हता आणि अजूनही आवडत नाही. वय झालं की राग निवतो असं लोक सांगतात. माझा तरी निवलेला नाही.

जमीन, पाणी, माती, झाडं यांच्या कामासाठी खेड्यांतल्या संस्थांना मदत करणारं पुण्यात एक मोठं फाउंडेशन आहे. गुंजोटे साहेब तिथले कार्यक्रम अधिकारी. आमच्या धाराशिव जिल्ह्यातून दरवर्षी त्यांच्याकडं प्रस्तावांचा गठ्ठा जायचा. त्यातला कुठला घ्यायचा आणि कुठला परत पाठवायचा हे कागदोपत्री एक समिती ठरवायची. पण समितीनं गाव पाहिलेलं नसायचं, तिनं साहेबांचं दीड पानी टिपण पाहिलेलं असायचं. म्हणजे ठरवायचे साहेबच. माझी संस्था म्हणजे परंड्यात भाड्याच्या दोन खोल्या, एक संगणक, एक खटारा जीप आणि मी. प्रस्ताव लिहिणं हे माझं काम, आणि साहेबांना जीपमधून गावोगाव हिंडवणं हा त्या कामातला सगळ्यात नावडता भाग.

बुटकी, ताठ मूर्ती. इस्त्रीचा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, कॅनव्हासचे बूट, बगलेत निळ्या पुठ्ठ्याची वही. गावात ते कधी बसले नाहीत. सतरंजी टाका, घोंगडी टाका, शाळेतून खुर्ची मागवा, साहेब उभेच. आणि ते अशा ढंगानं उभे राहायचे की समोर बसलेली म्हातारी माणसंसुद्धा हळूहळू चुळबुळत उठून उभी राहायची. मग सगळी सभा उभ्या उभ्या. आपल्यामुळं लोकांचे पाय दुखताहेत हे त्यांच्या गावीही नसायचं.

गंमत अशी की हे साहेब मूळचे आमच्याच जिल्ह्यातले, उमरग्याकडचे. आईबापांनी ठेवलेलं नाव व्यंकट. कार्डावर मात्र ‘व्ही. डी. गुंजोटे’. बोलायचे बारशापासून पुण्यात वाढल्यासारखं, तोलून मापून, ‘अच्छा’, ‘बरं’, ‘पुढे?’ असं. फक्त कुणी थाप मारताना सापडलं की त्यांच्या तोंडातून एकदम मूळची भाषा यायची. “आरं, कुनाला शेंडी लावायलास?” एवढं बोलून ते परत पुण्याच्या भाषेत जायचे. आपल्या माणसांना पकडण्यापुरतीच त्यांनी आपली भाषा राखून ठेवली होती, आणि याचा मला पहिल्या दिवसापासून संताप यायचा.

त्यांना उपटेसाहेब हे नाव कसं पडलं तेही सांगते. तेरखेड्याच्या पुढं एका माळावर एका संस्थेनं झाडं लावली होती. संस्थेचं नाव नको. साहेब पाहणीला गेले. ओळीत उभी हिरवीगार रोपं, बुंध्याशी आळी, आळ्यांत पाणी. साहेब पाचव्या-सहाव्या रोपापाशी थांबले, वाकले, त्याचा गळा धरला आणि ओढलं. रोप हातात आलं. खाली मूळच नाही! आदल्या दिवशी फांद्या तोडून खोचल्या होत्या. साहेबांनी ओळीनं सात उपटल्या, जीपच्या मागं टाकल्या आणि परंड्यात माझ्या टेबलावर आणून मांडल्या. “तुमच्या जिल्ह्याची शेती बघा,” म्हणाले. तुमच्या! मी त्या फांद्या बघत राहिले. फसवणूक त्या संस्थेनं केली होती, पण मान मात्र मी खाली घातली.

इथवर कुणीही म्हणेल, बरोबरच केलं त्यांनी. माझंही तेव्हा तेच मत होतं. पण पुढं ती त्यांची पद्धतच होऊन बसली. आमच्या कामाच्या गावी बांधांवर बोर, हिवर, सीताफळ लावलेलं होतं. लोकांनी उन्हाळाभर डोक्यावरून पाणी आणून जगवलेलं. साहेबांनी तिथंही तेच केलं. रोप उपटायचं, मूळ बघायचं, ‘आहे’ म्हणायचं, वहीत बरोबरची खूण करायची आणि रोप तसंच बाजूला टाकून पुढं जायचं. त्यांच्यामागून सोनाबाई नावाची एक धनगरीण तांब्या घेऊन चालत होती. टाकलेलं प्रत्येक रोप उचलायची, परत खड्ड्यात बसवायची, माती दाबायची, वर ओंजळभर पाणी घालायची आणि साहेबांना ऐकू जाईल अशा बेतानं पुटपुटायची. “ह्यो काय डाक्टर हाय व्हय? नाडी बघायला काळीज भायेर काढतोय!” गावात त्याच दिवशी ‘उपटेसाहेब’ हे नाव झालं. उपटलेल्या रोपांपैकी दोन जगली. साहेबांच्या वहीत मात्र सगळी जिवंतच होती.

एक गोष्ट त्यांच्या बाजूनं लिहायलाच हवी. माणूस स्वच्छ होता. कुणाकडून शाल घेतली नाही, नारळ घेतला नाही. गावात पाणीसुद्धा प्यायचे नाहीत. स्वतःचा डबा आणायचे आणि जीपमध्ये काचा वर करून खायचे. एकदा सोनाबाईनं त्यांच्यासाठी शेंगापोळ्या केल्या. जीपच्या काचेवर टकटक करून ताटली पुढं धरली. साहेबांनी काच चार बोटं खाली केली.

“नको. खाल्लं की गुण देताना हात सैल सुटतो,” ते म्हणाले.

“आमी काय गुन मागायलाव व्हय तुमाला? भूक लागली आसंल म्हनून आनल्या,” ती म्हणाली.

साहेबांनी काच वर केली. सोनाबाई ताटली घेऊन तिथंच थोडा वेळ उभी होती. मग तिनं ती मला दिली. मी खाल्ल्या. चवीला उत्तम होत्या, आणि काचेआडून साहेब बघत होते याचा मला आनंद झाला.

आता त्या गावाच्या गायरानाबद्दल सांगते, कारण खरं भांडण तिथलं आहे. गाव परंडा तालुक्यात, सोनारीपासून फार लांब नाही. नाव मुद्दाम लिहीत नाही, लिहिलं तर कुणीतरी फोटो काढायला येईल. गावाच्या उत्तरेला मुरमाड माळ. वर्षानुवर्षं ज्याचं त्याचं जनावर तिथं मोकाट चरून चरून माळाचं टक्कल झालेलं. सोनाबाईचे नवरे भिवा आबा. जातीनं धनगर, धंद्यानं मेंढपाळ, साठेक मेंढरांचा कळप. या माणसानं गावाच्या मागं लागून एक नियम करून घेतला : पावसाळाभर गायरानात जनावर घालायचं नाही, दिवाळीनंतर गवत कापून ज्याच्या त्याच्या घरी सारखं वाटायचं, आणि मग उरलेल्या बुडख्यांवर प्रत्येकानं पाळीपाळीनं जनावरं चारायची. मेंढपाळच चराई बंद करा म्हणतो म्हणून लोक आधी हसले. आबा काठी घेऊन तीन पावसाळे माळावर राखणीला उभे राहिले. स्वतःची मेंढरं लांब लांब नेऊन चारून आणली, पण गायरानात एक पाय पडू दिला नाही. तिसऱ्या वर्षी मारवेल, पवना, शेडा आणि कुसळी असं मिश्र गवत माणसाच्या कमरेला लागलं. वारा आला की अख्खा माळ हलायचा. मी स्वतः पाहिलेलं आहे.

आणि नेमकं तेव्हाच एका सौरऊर्जा कंपनीनं गायरान मागितलं. पंचायतीला दरवर्षी भाडं मिळणार होतं. सरपंच वाईट माणूस नव्हता. आबांना आणि मला त्यानं घरी बोलावून सरळ सांगितलं.

“आबा, म्या एकटा किती अडवू? लोक म्हनायलेत गवतानं गावचा रस्ता हुईल का? बाहेरचं कुनी मोठं मानूस दोन सालं पाठीशी उभं ऱ्हाऊ द्या. राखणीचा पगार, दगडी बांध, पान्याचा हौद, येवढं हुं द्या. सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत म्या ठराव उचलूच देत न्हाय. न्हायतर माजं बी हात बांधलेलं हायती.”

म्हणजे फाउंडेशनचा होकार आला तर गायरान राहणार, नाही आला तर जाणार. इतकं सोपं होतं ते.

फाउंडेशनच्या निवडीची रीत साहेबांनीच आम्हाला शिकवली होती. धाराशिवच्या एका हॉटेलात त्यांनी जिल्ह्यातल्या संस्थांची कार्यशाळा घेतली. फळ्यावर रकाने काढले : लोकसहभाग, टिकाऊपणा, इतरत्र करता येईल का, आम्ही गेल्यावर काय. प्रत्येक रकान्याला गुण. चहाच्या सुट्टीत मी त्यांना गाठून गवताचं सांगितलं. त्यांनी मान हलवली.

“यंदा गवत नाही, ताई. गेल्या वर्षी पाणी होतं, यंदा झाडं. त्यातही फळझाडं. आणि खरं सांगू का, गवताला फोटो नसतो. आज काढा नाहीतर दहा वर्षांनी काढा, गवत ते गवतच दिसतं.”

“पण मेंढरं गवतावर जगतात, साहेब, फळझाडांवर नाही.”

“प्रस्ताव मेंढरं वाचत नाहीत,” ते म्हणाले, आणि स्वतःच्याच बोलण्यावर खूश होऊन बिस्किट उचललं. हॉटेलातलं बिस्किट त्यांना चालायचं.

मी मनातल्या मनात शिव्या घालत परत आले आणि प्रस्तावात हजार आंब्यांची झाडं घातली. हो, घातली. मला गायरान वाचवायचं होतं. पण आबांना वाचून दाखवताना ते मध्येच म्हणाले, “ताई, झाडं आली की तारंचं कुंपन येतंय. कुंपन आलं की मेंढरू भायेर. मग वाचवायचं कुनासाठी?” मी आंबे काढून टाकले आणि गवतच लिहिलं. चार दिवसांनी साहेबांचा फोन आला.

“हट्टी आहात. ठीक आहे, मी पुढे नेतो. पण मग गवत दाखवा. डोळ्यांना दिसलं पाहिजे, कमरेएवढं. विश्वस्त मॅडम स्वतः येणार आहेत, त्या गायरान चालून बघतील.”

मला वाटलं, जिंकलो. मी गावात निरोप दिला : मुंबईच्या मोठ्या बाई येणार आहेत, गायरानात चालणार आहेत, सगळं नीट तयार ठेवा. ‘नीट तयार ठेवा’ हे माझे शब्द. त्यांचा दोष दुसऱ्या कुणावर टाकता येत नाही.

पाहणीच्या दिवशी सकाळी मी पाहुण्यांना घेऊन माळावर पोचले. गवत नव्हतं. अख्खा माळ घोटून दाढी केल्यासारखा. मधोमध मुरूम टाकून केलेली वाट, दोन्ही बाजूंना रांगोळी, बांधावर हळदीकुंकू घेतलेल्या बाया, आणि पुढं नवा पटका बांधलेले भिवा आबा, तोंडभर हसत.

काय झालं होतं ते ऐका. आमच्या भागात पालखी यायची असली की वाट झाडतात, काटंकुटं वेचतात. पाहुण्याच्या पायाला काही लागलं तर ती गावाची नामुष्की. त्यात कुसळी गवत. तिचं टोकदार बी कापडातून शिरतं आणि पायात घुसतं. शिवाय गवतात घोणस. लुगड्यातली मोठी बाई गवतातून चालणार म्हटल्यावर गावानं ठरवलं की आठ दिवसांनी कापायचंच आहे, तर आजच कापू. अख्खं गाव दोन दिवस विळे घेऊन राबलं. आणि नियम म्हणजे नियम, म्हणून कापलेलं गवत त्याच संध्याकाळी घरोघर वाटूनही टाकलं. तीन वर्षांत पहिल्यांदा सगळं गाव एक होऊन गायरानात राबलं ते या कामासाठी. लोकसहभागाच्या रकान्यात याहून जास्त काय लिहिणार?

विश्वस्त मॅडम सभ्य बाई होत्या. इकडं तिकडं बघून त्यांनी विचारलं, “गवत कुठे आहे?”

“कापून टाकलं की, बाईसाहेब!” आबा अभिमानानं म्हणाले. “तुमच्या पायाला कुसळ लागू ने म्हनून. लई हुतं. हितवर हुतं.” त्यांनी कमरेला हात लावून दाखवलं.

मॅडमना अर्धवट कळलं. त्या साहेबांकडं वळल्या. “गुंजोटे, हे म्हणतात ते बरोबर आहे? की जनावरांनी आधीच खाऊन टाकलंय?”

साहेब वाकले. बुडख्यांवरून तळहात फिरवला. विळ्यानं कापलेलं गवत एका उंचीचं असतं, त्याला तिरका, स्वच्छ काप असतो. जनावरानं खाल्लेलं वरखाली, ओढल्यासारखं. खेड्यातल्या शेंबड्या पोरालाही हे कळतं. साहेबांचा हात एका जागी थांबला. बोटांनी त्यांनी तो काप चाचपला. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते. त्यांना कळलं होतं. शंभर टक्के कळलं होतं.

ते उठले, रुमालानं हात पुसला आणि म्हणाले, “आज तरी इथं गवत दिसत नाही, मॅडम.”

मी मध्ये पडले. म्हणाले, गावात चला, एकेका अंगणात गवताच्या पेंढ्या रचलेल्या आहेत, मोजून घ्या. साहेब शांतपणे म्हणाले, “घरातला चारा कुठून आला हे सांगता येत नाही, ताई. बाजारातूनही येतो.” मॅडमनी घड्याळ पाहिलं. बायांनी त्यांना हळदीकुंकू लावलं, ओटी भरली. आबा अजून हसतच होते. त्यांना वाटलं सगळं उत्तम झालं.

परतताना मॅडम त्यांच्या गाडीनं पुढं गेल्या आणि साहेब माझ्या जीपमध्ये बसले. जीप माझी होती, नाहीतर मी उतरून चालत गेले असते. शेवटी राहवलं नाही.

“साहेब, तुम्हाला कळलं होतं.”

ते परंड्याचा किल्ला दिसायला लागला तेव्हा बोलले, आणि बोलले ते चक्क उमरग्याच्या भाषेत.

“कळलं की. इळ्याचा काप म्या काय आज बघायलाव? माजी माय जनमभर गवतच कापत हुती.”

“मग एक वाक्य बोलायला काय झालं होतं?”

“म्या बोललो आस्तो तर बाई काय म्हनल्या आस्त्या? गुंजोटे आपल्या मुलखाची बाजू घेतोय. नवा हुतो तवा येकदा घेतली हुती बाजू, उमरग्याच्या येका गावाची. समितीतली मानसं हसली. ‘गाववाले वाटतं तुमचे?’ म्हनली. त्या दिशी ठरिवलं, परत आसं कुनाला म्हनू द्यायचं न्हाय.” मग गळा साफ करून पुण्याच्या मराठीत म्हणाले, “जे प्रत्यक्ष दिसलं तेवढंच सांगायचं. माझं काम तेवढंच आहे.”

मला त्यांची क्षणभर कीव आली हे खरं आहे. पण दुसऱ्याच क्षणी वाटलं, यांना कुणी हसू नये म्हणून भिवा आबांनी गायरान द्यायचं? आज इतक्या वर्षांनी हे लिहितानाही मला त्याचा रागच येतो आहे.

महिन्याभरात पत्र आलं. ‘पाहणीच्या दिवशी प्रस्तावित क्षेत्रावर गवताचे आच्छादन आढळले नाही.’ निवड झाली ती महामार्गाला लागून असलेल्या एका गावाच्या बांबूची. तिथला फलक जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येक गाडीतून वाचता येतो. मी पत्र घेऊन आबांकडं गेले आणि ओसरीवर बसून ते एक वाक्य वाचून दाखवलं. त्यांनी ते दोनदा वाचायला लावलं.

“खरंच हाय की त्यांचं,” ते म्हणाले. “गवत न्हवतंच. आमीच कापलं. चूक आमचीच हाय, ताई.”

आबांनी साहेबांना एक सणसणीत शिवी घातली असती तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी ती घातली नाही. त्यांच्या वाटणीची मीच इतकी वर्षं घालते आहे.

सव्वीस जानेवारीला ठराव झाला. सरपंचानं आबांकडं बघितलं नाही. शिमग्याच्या आत तारेचं कुंपण पडलं, पावसाळ्याच्या आधी काचेची पॅनेलं उभी राहिली. आबांनी मेंढरं आठवडी बाजारात तीन-चार खेपांत विकली. आधी नर, मग म्हाताऱ्या मेंढ्या, शेवटी कोकरांसकट राहिलेल्या. शेवटच्या बाजाराला सोनाबाई गेली नाही. कंपनीनं आबांना फाटकावर राखणदार म्हणून ठेवलं. खाकी सदरा दिला, गळ्यात शिट्टी दिली. ज्या माळाची राखण त्यांनी मेंढरांसाठी केली, त्याच माळाची आता ते लोखंडासाठी करतात.

दोन वर्षांनी, पाऊस संपता संपता, साहेबांचा फोन आला. फाउंडेशन सोडून ते आता त्याच सौर कंपनीच्या सामाजिक कामाचे सल्लागार झाले होते. जमिनीचा टिकाऊ वापर हा विषय तोच, फक्त निवड करायला बसायची जागा नवी. गायरान बघायचंय, सोबत या, म्हणाले. मला जायचं कारण नव्हतं, तरी माझी जीप घेऊन गेले. त्यांचं काय काम निघालंय हे बघायचं होतं.

काम काय असावं? पॅनेलांखाली गवत माजलं होतं. तीन वर्षं राखलेलं बी ते, जमिनीत होतंच. पॅनेलांच्या कडेपर्यंत चढून काचांवर सावली धरत होतं. कापायला माणसं मिळेनात, औषध मारायला वरून मनाई. कुठल्यातरी देशात पॅनेलांखाली मेंढरं चारतात असं कंपनीत कुणीतरी वाचलं होतं. आता त्यासाठी निधी होता, आणि गावं साहेब निवडणार होते.

आबांनी फाटक उघडलं. “आलाव का, साहेब? ह्या वहीत नाव लिवा.” साहेबांनी नाव लिहिलं. मग आत जाऊन त्या गवतापुढं बराच वेळ थांबले. परत येऊन आबांना म्हणाले, “तुमची मेंढरं इथं सोडता येतील. कंपनी परवानगी देईल, शिवाय मानधनही.”

“इकली की ती.”

“पुन्हा घेऊन देऊ. तरतूद आहे.”

“मेंढरं मिळतीली, साहेब. त्यांच्या मागं हिंडायचं कुनी? पोरगं चाकनला कंपनीत हाय, सून बी तिकडंच. माजं गुडघं ह्ये आसं.” आबांच्या आवाजात राग नव्हता. भाव विचारला आणि सांगितला, तसं त्यांनी सांगितलं.

साहेब माझ्याकडं वळले. केस पांढरे झाले होते, इस्त्री तीच. आणि या वेळी कुणी थाप मारलेली नसताना ते आपल्या भाषेत बोलले.

“ताई, हितं कुनाकडं तरी मेंढरं आस्तीलच की. तुमाला ठावं आस्तंय सगळं. ह्या खेपेला म्या सोता सही करतो. कुनी काय बी म्हनू द्या.”

ओढ्यापलीकडच्या वाडीवर, म्हणजे शेजारच्या गावाच्या हद्दीत, तीन घरांत मेंढरं होती. मला चांगलं माहीत होतं. चारायला जागा नाही म्हणून त्या घरांतल्या बाया मागच्याच महिन्यात माझ्याकडं येऊन बसल्या होत्या, कुठं काही होतंय का विचारत होत्या.

“या गावात कुणाकडं मेंढरं नाहीत, साहेब,” मी म्हणाले.

यात एक अक्षर खोटं नव्हतं. साहेब माझ्या तोंडाकडं बघत राहिले. खोटं पकडण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं, पण इथं पकडायला काही नव्हतं. “बरं,” म्हणाले आणि गाडीत जाऊन बसले. गाडी वळली आणि वाडीच्या उलट्या दिशेनं, सडकेकडं निघाली. मला बरं वाटलं. लपवत नाही, खूप बरं वाटलं.

“ताई,” आबा म्हणाले, “वाडीवर हायती की मेंढरं. इसरलाव का?”

मी सडकेकडंच बघत राहिले. आबांनी माझ्याकडं नीट बघितलं आणि त्यांना समजलं. त्यांनी गळ्यातली शिट्टी तोंडात धरली, जोरानं फुंकली, आणि ते गुडघे धरून धरून गाडीमागं पळायला लागले. त्या वयाचा माणूस, शिट्टी मारत, हात हलवत, सडकेच्या मधोमध. वळणाच्या अलीकडं गाडी थांबली. साहेब खाली उतरून दोन पावलं पुढं आले. आबांना धाप लागली होती, बोलता येत नव्हतं. ते नुसता हात वर करून ओढ्यापलीकडं दाखवत होते, आणि साहेब वही उघडून लिहून घेत होते.

मी फाटकाशीच उभी राहिले. मी काही पुढं गेले नाही.